गोरिंग परिसरात पळण्याच्या वाटा : खडू, चिकणमाती आणि नदीचा गाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर आणि नंतर रेडिंगच्या फुटपाथवर पळण्याची सवय असलेल्या एक भगिनी नुकत्याच ऑक्सफर्डशरमधील गोरिंग या थेम्सकाठच्या गावी राहायला आल्या आहेत. दहा किलोमीटर त्या सहज पळतात आणि पुढच्या वर्षी त्यांना अर्धमॅरेथॉन पळायची आहे. गावाबाहेर पडले की सगळीकडे शेते, कुंपणे आणि फाटके दिसतात. त्यांतून पळायला कोणाची परवानगी लागते का, सुरुवातीला कोणत्या वाटा धराव्यात, हिवाळ्यातल्या चिखलाचे काय करावे आणि एकटीने पळणे कितपत सुरक्षित आहे, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी या परिसरात चौदा वर्षे पळतो आहे आणि त्यांतली बरीच वर्षे नवख्यांना सोबत घेऊन पळतो आहे. शहरातून आलेला प्रत्येक जण मला पहिल्यांदा अंतर विचारतो : ही वाट किती किलोमीटरची, ती किती? माझे उत्तर ठरलेले असते. इथे वाट निवडायची ती पायाखालची जमीन आणि हातातला महिना पाहून. खडूवरचे, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकावरचे, बारा किलोमीटर जुलैमध्ये तासाभराचे काम असते, तर चिकणमातीवरचे तेवढेच अंतर जानेवारीत सकाळ खाऊन टाकते. पुढचे सगळे उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी परवानगीचा प्रश्न मिटवू. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जमिनीतून जाणाऱ्या हजारो वाटांवर जनतेचा कायदेशीर हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या परिषदेला या वाटांचा अधिकृत नकाशा ठेवणे भाग पडले आणि त्या नकाशावर नोंदलेल्या वाटेवरून जाण्यासाठी शेतकऱ्याला विचारावे लागत नाही. चालणाऱ्याला जो हक्क आहे तोच पळणाऱ्याला आहे. पायवाटेवर खुणेचा बाण पिवळा असतो. घोडा आणि सायकल यांनाही मुभा असलेल्या वाटेवर, म्हणजे ब्राइडलवेवर, निळा असतो. मोटारीसकट सर्वांना खुल्या असलेल्या कच्च्या वाटेवर लाल, आणि मोटारी वगळून इतर सर्वांना खुल्या वाटेवर जांभळट. राष्ट्रीय पायमार्गांवर याखेरीज ओकच्या फळाचे, एकॉर्नचे, चिन्ह असते. गोरिंगमध्ये तुम्हाला ते पदोपदी दिसेल, कारण थेम्स पाथ आणि रिजवे हे दोन राष्ट्रीय मार्ग याच गावात एकमेकांना भेटतात.

हक्क आहे तो त्या रेषेपुरता आहे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. पायवाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकरी ती नांगरू शकतो. पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांच्या आत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते आणि पुढे पीक उभे राहिले तरी किमान एक मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवायची असते. म्हणून मे महिन्यात गव्हाच्या उभ्या पिकातून भांग पाडल्यासारखी सरळ रेघ दिसली तर बिचकू नका. ती तुमच्याचसाठी आहे. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकताना जो संकोच वाटतो तो घेऊन माझ्याबरोबरचे बरेच मराठी लोक पहिल्या दिवशी शेताच्या कडेकडेने वळसा घालतात. वास्तविक तो वळसा हक्काच्या बाहेर असतो आणि मधली रेघ हक्काच्या आत.

नकाशाविना येथे पळू नये. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नारिंगी वेष्टणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्यावा. गोरिंगसाठी त्याचा क्रमांक १७१ आहे. त्यावर आखूड हिरवे तुकडे म्हणजे पायवाट आणि लांब हिरवे तुकडे म्हणजे ब्राइडलवे. काळ्या तुटक रेघेने दाखवलेली वाट जमिनीवर असते खरी, पण नुसत्या त्या रेघेने तिथून जाण्याचा हक्क सिद्ध होत नाही. नवखा माणूस फसतो तो इथेच. धावपटूंच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या लाल-निळ्या रेषांचेही तसेच आहे : एखाद्याने कधीतरी चुकून एखाद्या खासगी वाटेवरून पळून ठेवलेले असते आणि पुढचे पन्नास जण त्याच्या मागे जातात. फोनवरचा नकाशा सोयीचा असतो, परंतु दरीच्या तळाशी आणि दाट झाडीत सिग्नल जातो, त्यामुळे त्या दिवसापुरता भाग आधी उतरवून ठेवावा.

आता जमीन. गोरिंगच्या पूर्वेला चिल्टर्न टेकड्या आणि पश्चिमेला बर्कशर डाउन्स. दोन्ही एकाच खडूच्या रांगेचे भाग असून हिमयुगात थेम्सने ती रांग इथे कापली. या कापाला गोरिंग गॅप म्हणतात. त्यामुळे गावाच्या चारही बाजूंना तीन तऱ्हेची जमीन मिळते. नदीकाठी गाळाची सपाट कुरणे, पश्चिमेला उघडा खडू, आणि पूर्वेला खडूवर बसलेली गारगोट्यांनी भरलेली चिकणमाती व तिच्यावर बीच वृक्षांची जंगले. गोरिंगला धावपटू येतात ते याचसाठी. ऑटम १०० नावाची शंभर मैलांची शर्यत याच गावाला मध्य धरून आखलेली आहे : चार दिशांना चार फेऱ्या, प्रत्येक सुमारे पंचवीस मैलांची, आणि प्रत्येक वेळी परत गोरिंग. तुम्हाला शंभर मैल पळायचे नाहीत, पण त्या आखणीतून गावाची रचना समजते.

पहिले चार आठवडे नदी सोडू नका. गोरिंगच्या पुलावरून पलीकडे स्ट्रीटलीत जावे, चर्चजवळून नदीकाठ गाठावा आणि थेम्स पाथने प्रवाहाच्या उलट दिशेने मौल्सफर्डपर्यंत जाऊन परत यावे. जाऊन-येऊन सहा-साडेसहा किलोमीटर होतात आणि चढ जवळजवळ नाहीच. वाटेत समोरच्या काठाला क्लीव्ह लॉक, म्हणजे नौकांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी फाटकांची जागा, दिसते. मौल्सफर्डला नदीकाठची वाट एकाएकी गावात वळते, त्याचे कारण असे की पूर्वी बोटी ओढणारे घोडे इथून नावेने पलीकडे नेले जात आणि पुढची वाट दुसऱ्या काठाने जाई. नाव बंद पडली, वाट मात्र अर्धी राहिली. सुरुवातीला तुम्ही इथूनच मागे फिरावे हे बरे, कारण पुढे थोडा भाग मुख्य रस्त्याच्या कडेने काढावा लागतो.

या वाटेवर तुम्हाला फाटके ओलांडायची सवय होईल आणि ती सवय दिसते तेवढी किरकोळ नाही. किसिंग गेट म्हणजे अर्धगोल कठड्यात झुलणारे लहान फाटक. त्यातून एका वेळी एकच माणूस जातो, गाय जात नाही. आत शिरावे, कठड्याच्या कोपऱ्यात सरकावे, फाटक आपल्या पोटाजवळून दुसऱ्या बाजूला ढकलावे आणि बाहेर पडावे. घाईत असलेला धावपटू कोपऱ्यात सरकायचे विसरतो आणि फाटक गुडघ्यावर घेतो. स्टाइल म्हणजे कुंपणावरून चढून जायची लाकडी पायरी. ओल्या दिवसांत तिच्या फळीवर हिरवट शेवाळाचा इतका पातळ थर असतो की डोळ्याला दिसत नाही, पण पायाला लगेच कळतो. फळीच्या मधोमध पाऊल न ठेवता खांबाला लागून ठेवावे, हात खांबावर असावा आणि पलीकडे उडी मारू नये. पलीकडची जमीन गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी तुडवलेली असते आणि नेमकी तिथेच सर्वांत निसरडी असते. माझ्या ओळखीतले दोन घोटे स्टाइलच्या पलीकडच्या उडीनेच मुरगळले आहेत, त्यांतला एक माझा.

दुसरी वाट प्रवाहाच्या दिशेने. गोरिंगच्याच काठाने निघून गेटहॅम्प्टनच्या रेल्वेपुलाखालून जावे. अभियंता ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा विटांचा पूल आहे. रेल्वे इथे १८४० मध्ये आली. पुढे वाट हार्टस्लॉकच्या झाडीत शिरते आणि नदी उजव्या हाताला खाली राहते. एवढा वेळ सपाट पळालेल्या पायांना इथे पहिल्यांदा खरे चढ-उतार लागतात. वरचा हार्टस्लॉकचा खडूचा उतार हे संरक्षित क्षेत्र आहे आणि मे महिन्यात तिथे मंकी ऑर्किड फुलते. इंग्लंडमध्ये ते अगदी मोजक्या ठिकाणी उरले आहे. पळण्याचा दिवस सोडून एकदा चालत जाऊन ते पाहावे, कारण पळताना ते पायाखाली जाईल. झाडीतून बाहेर पडले की व्हिटचर्च आणि तिथला टोलचा पूल. थेम्सवरच्या खासगी टोलपुलांपैकी हा एक आहे, पण पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पूल ओलांडला की पँगबोर्न स्टेशन. एकूण साडेसहा-सात किलोमीटर झाले, आणि तिथून गोरिंग हे पुढचेच स्टेशन. वाढत्या अंतराची तयारी करताना रेल्वेची ही सोय फार मोलाची आहे : जाताना पळावे, येताना बसावे, आणि बळ आले की दोन्ही वेळा पळावे. उलट दिशेला चोल्सी स्टेशन हेच काम करते.

अर्धमॅरेथॉनसाठी माझी आवडती फेरी नदीच्या दोन्ही काठांनी आहे. गोरिंगहून रिजवेने उत्तरेकडे निघावे. साउथ स्टोक गाव ओलांडले की वाट नदीला लागते आणि मौल्सफर्डच्या रेल्वेपुलाखालून जाते. तिथे एक क्षण थांबून वर बघा. रेल्वे नदीला तिरकी ओलांडते, त्यामुळे कमानीतल्या विटा आडव्या रांगांत बसवलेल्या नसून स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या चढत गेल्या आहेत. पुढे नॉर्थ स्टोक, मग मंजवेल, तिथून वॉलिंगफर्डच्या पुलावरून पलीकडे आणि थेम्स पाथने मौल्सफर्ड, स्ट्रीटली करीत परत. साधारण वीस-एकवीस किलोमीटर भरतात. वाटेतले चोल्सी हे अगाथा ख्रिस्तींचे गाव म्हणावे लागेल. वॉलिंगफर्डजवळ त्यांचे घर होते आणि चोल्सीच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. दीड-दोन किलोमीटर वाढवायचे असतील तेव्हा वाकडी वाट करण्यास हे कारण पुरेसे आहे.

नदीकाठच्या वाटांना एकच शत्रू आहे, तो म्हणजे पूर. डिसेंबर ते मार्च थेम्स कुरणांवर पसरते आणि पाणी स्थिर दिसले तरी वाट कुठे संपली आणि काठ कुठे सुरू झाला हे कळत नाही. लॉकवर पिवळी किंवा लाल पाटी लावलेली असते. ती नौकांसाठी असली तरी धावपटूनेही वाचावी, आणि लाल असेल तर सरळ टेकडीचा रस्ता धरावा.

तो टेकडीचा रस्ता पश्चिमेला आहे. रिजवे हा एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत जाणारा ८७ मैलांचा, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरचा मार्ग. राष्ट्रीय मार्ग म्हणून तो १९७३ मध्ये खुला झाला, परंतु वाट म्हणून त्याचे वय हजारो वर्षांत मोजतात. गोरिंग आणि स्ट्रीटली त्याच्या साधारण मध्यावर येतात. स्ट्रीटलीहून रेक्टरी रोडने निघावे. डांबर संपते तिथे खडूची वाट सुरू होते आणि मग चढ चढ चढत राहतो. तो छातीवर येणारा नाही, पण संपतही नाही. कात्रजच्या घाटासारखा एका दमात उरकण्याचा विचार करू नका. बोलता येईल एवढ्याच गतीने चढावे आणि बोलता येईना झाले की चालावे. टेकडीवर चालणे ही हार नव्हे, आणि या भागातले चांगले धावपटूही चालतात.

वर पोचले की झाडी संपते, दोन्ही बाजूंना गहू आणि बार्ली, वर आकाश आणि सदैव एखादी लाल शेपटीची घार. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून आणून चिल्टर्नमध्ये सोडलेल्या पक्ष्यांची ही संतती आहे. त्याआधी इंग्लंडमधून ही घार नाहीशी झाली होती. वारा इथे कायमचा धरून चालावे. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जाताना तो तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. उलट केलेत तर घामाने भिजलेल्या अंगाने शेवटचे पाच किलोमीटर गारठ्यात काढावे लागतील. परतताना ऑल्डवर्थ गावाकडे उतरावे. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये दे ला बेश घराण्यातल्या लोकांच्या चौदाव्या शतकातील नऊ दगडी मूर्ती आहेत, माणसापेक्षा मोठ्या, हातपाय तुटलेल्या. गावकरी त्यांना राक्षस म्हणत आले आहेत. शेवटी लार्डन चेजच्या गवताळ माथ्यावरून स्ट्रीटलीत उतरावे. हा उतार खडा आहे. पावले आखूड टाकावीत आणि शरीर मागे झुकवू नये; मागे झुकले की टाच आधी टेकते आणि ओल्या खडूवर टाच म्हणजे साबणावर ठेवलेला पाय.

खडूचा हा दुहेरी स्वभाव ओळखून घ्यावा. पाणी तो झपाट्याने पिऊन टाकतो, त्यामुळे पावसानंतर दोन दिवसांत वाट पळण्याजोगी होते. पण पाऊस चालू असताना किंवा धुक्यात त्याच्या पृष्ठावर पांढरे गुळगुळीत लोणी सुटते आणि कोणत्याही बुटाची पकड तिथे पुरत नाही. शिवाय गाड्यांच्या चाकोऱ्या हिवाळाभर पाण्याने भरलेल्या असतात. खोली कळत नाही, म्हणून चाकोरीत न उतरता मधल्या गवताच्या उंचवट्यावरून जावे.

खडू पाणी पितो याचा दुसरा अर्थ असा की वर ओढे नाहीत, झरे नाहीत. जुन्या काळी टेकडीवरच्या गावांची त्यामुळे दैना होई. आपल्या लोकांना ऐकायला नवल वाटेल, पण गोरिंगपासून नऊ-दहा किलोमीटरवर असलेल्या स्टोक रो गावातली विहीर काशीनरेशांनी बांधून दिलेली आहे. हिंदुस्थानात अधिकारी असलेल्या एडवर्ड अँडरडन रीड यांनी आपल्या इप्सडन परिसरातील पाण्याच्या टंचाईची हकिकत महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती आणि महाराजांनी ती लक्षात ठेवली. विहीर १८६४ मध्ये खुली झाली. ३६८ फूट खोल, माणसांनी हातांनी खणलेली, आणि वर सोनेरी हत्ती बसवलेले यंत्र व घुमट. गरीब इंग्लिश गावाला पाणी पाजायला बनारसहून पैसे आले, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सोबत्याला तिथे नेऊन सांगतो आणि मग पाण्याची बाटली भरून आणली का, हे विचारतो. दीड तासापेक्षा जास्त पळणार असाल तर पाणी अंगावर घेऊनच निघावे.

स्टोक रोची वाट पूर्वेकडची, म्हणजे चिकणमातीची. एल्व्हेंडन रोडने वर चढून ग्रेट चॉक वुडच्या जंगलातून, मग चेकेंडनकडून गेले की तिथे पोचता येते. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत या जंगलांत ब्लूबेल फुलतात, आणि बीचच्या कोवळ्या पालवीखालचा तो निळा गालिचा पाहिला की वेळेचे घड्याळ बंद करावेसे वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच वाट सावलीची, थंडगार आणि पाय ठेवायला मऊ. मात्र नोव्हेंबर ते मार्च तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी हट्टाने गेलो होतो. चेकेंडनजवळ एक नांगरलेले शेत ओलांडायचे होते, रुंदी फार तर तीनशे मीटर. पहिल्या वीस पावलांत तळव्याला मातीचा थर बसला, त्यावर दुसरा, त्यात गवत आणि गारगोट्या रुतल्या, आणि शेताच्या मध्यावर प्रत्येक पायाला वीट बांधल्यासारखे झाले. उजवा पाय उचलला तो नुसत्या मोज्यासकट वर आला. बूट मागे मातीत राहिला होता, नाडी बांधलेली तशीच. तो उपसून काढताना हात कोपरापर्यंत माखले आणि त्या तीनशे मीटरना माझी बारा मिनिटे गेली. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाललेल्या माणसाला हे वर्णन नवे नाही. मी मुंबईचा असल्याने मला ते इथे शिकावे लागले.

बुटांबद्दल म्हणूनच थोडक्यात सांगतो. रस्त्यावरचे बूट मे ते सप्टेंबर नदीकाठी आणि कोरड्या रिजवेवर चालतात. उरलेल्या महिन्यांसाठी तळाला चार-पाच मिलिमीटरचे रबरी खिळे असलेले, खिळ्यांमध्ये भरपूर अंतर असलेले ट्रेल बूट घ्यावेत. अंतर कमी असेल तर माती अडकून बसते. जलरोधक बुटांच्या मी विरोधात आहे. पाणी वरून आत शिरतेच आणि मग बाहेर पडत नाही. गारगोट्यांच्या कडा काचेसारख्या असतात, पडल्यावर तळहात कापतो, म्हणून हिवाळ्यात पातळ हातमोजे केवळ थंडीसाठी नसतात.

गुरांविषयी जास्त सविस्तर लिहितो, कारण इथल्या वाटांवर घडणाऱ्या गंभीर अपघातांचे ते एक खरे कारण आहे आणि आपल्या मनात गाय म्हणजे गरीब प्राणी असे घट्ट बसलेले असते. रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी, माणसांत वाढलेली पुण्याची गाय वेगळी. वर्षातले सहा महिने कुरणात वासरासह राहणारी मांसासाठी पाळलेली इथली गाय वेगळी. एप्रिल-मेमध्ये गुरे गोठ्यातून बाहेर सोडतात, तेव्हा ती उधळलेली असतात आणि वासरे लहान असतात. एका मे महिन्यात मौल्सफर्डच्या अलीकडच्या कुरणात मी वळणावरून पळत बाहेर आलो तो डाव्या हाताला गवतात झोपलेले वासरू आणि उजव्या हाताला तीस पावलांवर त्याची आई. मी दोघांच्या मध्ये. तिने मान खाली घातली, फुरफुरली आणि एक पाऊल पुढे टाकले. मी थांबलो, तिच्याकडे टक लावून न बघता तिरका तोंड करून उभा राहिलो, हलक्या आवाजात मराठीत काहीबाही बोलत एकेक पाऊल कुंपणाकडे सरकलो आणि तिची वाट मोकळी केली. ती वासराकडे गेली आणि प्रकरण मिटले. पळालो असतो तर मिटले असते असे मला वाटत नाही.

तेव्हा नियम असा ठेवावा : गुरे दिसली की पळणे बंद, चालणे सुरू. कळप आणि वासरे यांच्या मधून जाऊ नये. कळप वाटेवरच असेल तर लांबून वळसा घालावा, तसे करण्यात कोणी दोष देत नाही. तरणी गोऱ्ही कुतूहलाने मागे धावत येतात. ती धावली म्हणून आपण धावू नये, वळून उभे राहावे आणि हात पसरावेत, ती थबकतात. सोबत कुत्रा असेल आणि गुरे अंगावर आली तर त्याला सोडून द्यावे. गुरे कुत्र्याच्या मागे जातात आणि कुत्रा तुमच्यापेक्षा वेगाने पळतो. वळूबाबत कायदा आहे : जर्सी, होल्स्टाईन, फ्रीझियन अशा दुभत्या जातींचा दहा महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात ठेवता येत नाही, आणि इतर जातींचा ठेवायचा तर गाई किंवा कालवडी सोबत असाव्या लागतात. गाईला हात लावून नमस्कार करण्याची आपली सवय मात्र कुरणाबाहेरच ठेवावी.

एकटीने पळण्याविषयी. माझ्याबरोबर पळणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवावरून सांगतो की दिवसाउजेडी या वाटांवर माणसापेक्षा रस्ता चुकण्याची आणि घोटा मुरगळण्याची धास्ती जास्त बाळगावी. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो, म्हणजे नोकरी करणाऱ्याला कामाच्या दिवशी उजेड मिळतच नाही. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत आठवड्यातल्या धावा गावातल्या दिव्यांखाली कराव्यात आणि शनिवार-रविवार वाटांसाठी राखावेत. निघताना घरी वाटेचे नाव आणि परतण्याची वेळ सांगावी, चार्ज केलेला फोन, शिटी आणि पातळ जाकीट जवळ असावे. पाय दुखावून अर्धा तास बसावे लागले की कळते की आपण पळत होतो म्हणूनच गरम होतो. मदतीसाठी ९९९ किंवा ११२, आणि नकाशावरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे चौकटींवरून जागा सांगणारे आकडे, वाचता आला तर शोधणाऱ्यांचा वेळ वाचतो. शिटीचे संकेत म्हणजे सहा वेळा वाजवणे, मिनिटभर थांबणे आणि पुन्हा सहा.

मला स्वतःला वाटांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांची भीती अधिक वाटते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच झुडपांची कुंपणे, फुटपाथ नाही, आणि वेगमर्यादा पुष्कळ ठिकाणी ताशी साठ मैल. भारतात जसे तसेच इथेही उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांना तोंड करून पळावे. परंतु उजवीकडे आंधळे वळण आले की त्याआधीच डावीकडे जावे आणि वळण संपल्यावर परत यावे, नाहीतर चालकाला तुम्ही दिसण्यापूर्वी गाडी तुमच्यापर्यंत पोचते. कानात गाणी नकोत. भडक पिवळे जाकीट असावे, आणि ऑक्टोबर ते जानेवारी तर जंगलातही असावे, कारण १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो. बार ऐकू आले तर वाट सोडू नये, आपण आहोत हे मोठ्याने बोलून कळवावे, शिकारी थांबतात.

उन्हाळ्यातल्या दोन लहान कटकटी सांगून ठेवतो. जून-जुलैमध्ये नेटलची झुडपे वाटेवर कमरेएवढी वाढतात आणि उघड्या पोटऱ्यांना खाजकुइलीची आठवण करून देतात. त्या दिवसांत लांब विजार घालावी किंवा रुंद ब्राइडलवे धरावेत. दुसरी कटकट गोचिडीची. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत आणि कमरपट्ट्याखाली तपासावे. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लगटून पकडून सरळ वर ओढावी. तेल, काडी असले उपाय करू नयेत. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ उमटले किंवा तापासारखे वाटले तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे, कारण लाइम आजारावर लवकर घेतलेले प्रतिजैविक चांगले काम करते.

तुमच्या अर्धमॅरेथॉनसाठी मी क्रम असा सुचवीन. आत्ता महिनाभर मौल्सफर्डची सपाट वाट आठवड्यातून दोनदा. मग रविवारी हार्टस्लॉकवरून पँगबोर्न आणि परतीला रेल्वे. जमीन कोरडी असेल तेव्हा पंधरवड्यातून एकदा रिजवेचा चढ, वेळ न मोजता. वॉलिंगफर्डची मोठी फेरी स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एकदाच, आणि स्टोक रो वसंतात, ब्लूबेल असताना. पँगबोर्नला जाण्यापूर्वी रविवारचे वेळापत्रक पाहून निघा. गाड्या त्या दिवशी कमी असतात आणि ओल्या सदऱ्यात त्या फलाटावर बसणे फार गार असते, म्हणून पिशवीत एक कोरडा सदरा घाला.